आधी हृदय घ्या

नोइनाचं तोंड बंद राहत नाही अशी तक्रार घरात, गल्लीत, फळबाजारात सगळ्यांची होती. नव्हती ती फक्त शाळेची. या सत्रापासून सकाळच्या झेंड्याला माइक तिच्या हातात आला होता. समोर अख्खी शाळा उन्हात डोळे बारीक करून उभी, आणि ही पुढे कडक इस्त्रीच्या स्कर्टात, आवाज असा टणटणीत की मागच्या रांगेतल्या झोपाळूंच्याही माना सरळ व्हायच्या.   घरी तिचा मोठा भाऊ फूम तिला ‘भोंगा’ म्हणायला लागला. “ए भोंग्या, आवाज कमी कर जरा, खाडीतली मासळी पळून जाईल!”

तो भोंगा कालपासून बंद होता.

कोपराला पट्टी, गुडघ्याला पट्टी अशी ती आयसीयूबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती आणि काचेपलीकडे फूम झोपला होता. झोपलाच आहे असं वाटावं इतका नीट. छाती वर-खाली होत होती, पण ते काम यंत्र करत होतं. डॉक्टरांनी काल एकदा आणि आज सकाळी पुन्हा एकदा सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं की मेंदू गेलाय, तो परत येणार नाही. अंग गरम आहे, हृदय चालू आहे, पण फूम नाही. नोइनाला वाटलं, आता आई ऊर बडवून घेईल, काचेवर डोकं आपटेल. आईनं तसलं काही केलं नाही. ती फक्त हळूच म्हणाली, “केस तसेच राहिले त्याचे.”

मग अवयवदानाचं काम बघणारी ओराथाई नावाची बाई आली. जाड भिंगांचा चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट, आवाज मऊ. रडणाऱ्या माणसांशी बोलून बोलून झालेला मऊ. “मावशी, ही वेळ कशी असते याची आम्हाला…” इथवर तिचं वाक्य आलं होतं, तेवढ्यात आई म्हणाली, “देते. सगळं देते. पण आधी हृदय घ्या.”

ओराथाईचं पुढचं सगळं भाषण तोंडातच राहिलं.

“बुनरुअन, जरा विचार कर,” प्रसोंगमामा म्हणाला. हा आईचा थोरला भाऊ. फळांचे ट्रक त्याचे, फूम त्यातलाच एक चालवायचा, ड्युरियन नाहीतर मँगोस्टीन भरून बँकॉकच्या घाऊक बाजारात. “लोक म्हणतात, पुढच्या जन्मी पोरगं हृदयाविना जन्माला येतं.”

“लोक म्हणतात! मी विहारातल्या भंतेंना फोन करून विचारलंय. ते म्हणाले, अंगातलं काढून दिलं तर त्यापेक्षा मोठं दान नाही.” आईनं भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हृदयाविना जन्मतात ती माणसं निराळी असतात, दादा. त्यांना त्यासाठी काही दान करावं लागत नाही.”

मामानं घसा खाकरला आणि तो भिंतीवरचा रक्तदाबाचा तक्ता वाचू लागला.

“केस तसेच राहिले त्याचे,” आई पुन्हा म्हणाली. केसांचं काय, हे ओराथाईनं विचारलं नाही. तीही इथलीच होती. पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या आधी फूम चीवर, भिक्खूचं वस्त्र, घेणार होता. मुंडण होणार होतं, तीन महिने विहारात राहणार होता, आणि त्याचं सगळं पुण्य आईच्या पदरात पडणार होतं. मुलाच्या चीवराचं टोक धरून आई स्वर्गाला जाते. शेजारची म्हातारी जाणार होती, मासळीवाली जाणार होती, तिला तर तीन मुलगे, म्हणजे तीन टोकं; आणि बुनरुअन नवरा गेल्यापासून त्या एका टोकाची वाट बघत होती. मुलीला चीवर घेता येत नाही, त्यामुळे नोइनाचा या कामी काही उपयोग नव्हता. मांडव सांगून झाला होता, स्वयंपाकिणी ठरल्या होत्या. काल सकाळी फूम रिवाजाप्रमाणे घरोघरच्या वडीलधाऱ्यांची क्षमा मागायला निघाला होता, मोटरसायकलवरून, आणि मागे फुलं-मेणबत्त्यांचं तबक मांडीवर धरून नोइना. चार-दोन घरं झाली असतील. मग रस्त्याकडेचा सिमेंटचा खांब आला. नोइना गवतात पडली, फूम खांबावर.

“चीवर नाही तर नाही,” आई ओराथाईला म्हणाली. “हृदय तरी जाऊ दे. ते कुणाच्या अंगात धडधडेल तोवर माझ्या पोराचं दान चालू राहील. हो की नाही?”

“हो मावशी,” ओराथाई म्हणाली. “पण ते घेण्याजोगं आहे का, ते आधी बघावं लागतं.”

“घेण्याजोगं म्हणजे?” आईला हा अपमान वाटला.

पण बघतातच. ड्युरियनचा व्यापारी काठीनं फळ ठोकतो, देठ हुंगतो, कान लावतो आणि मगच करंडीत टाकतो; चंथाबुरीच्या फळबागांत वाढलेल्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. हृदयाचंही तसंच निघालं. डॉक्टर कित्तींनी त्यांना एका छोट्या खोलीत बसवलं. डॉक्टर तरुण होते, दाढी वाढलेली, डोळे लाल, पण बोलताना समोरच्याकडे बघून बोलायचे.

“टूडी इको केली,” ते म्हणाले. “ठोका जरा कमजोर आहे. हृदयानं जेवढं रक्त बाहेर फेकायला हवं, तेवढं ते फेकत नाहीये.”

आईचा चेहरा पांढरा पडला.

“थांबा, घाबरू नका. मेंदूला एवढा मोठा मार बसला की शरीरात एकदम वादळ उठतं. धडधाकट माणसाचं हृदयही त्यात काही काळ सुन्न पडतं. औषधं लावली की सावरतं. म्हणून आम्ही औषधं लावलीत, दुपारी परत इको करू. बँकॉकचे सर्जन थांबायला तयार आहेत. त्यांची अट एकच. त्याला पूर्वीचं काही दुखणं नको. ते नसेल तर हा कमजोरपणा अपघाताचा, आणि तो जाईल. पण आधीपासूनचं असेल तर मग गोष्टच वेगळी. ते यंत्र सांगत नाही. ते तुम्हीच सांगू शकता.”

मग ओराथाईनं विचारायला सुरुवात केली. दम लागायचा का? कधी चक्कर येऊन पडला? छातीत धडधड? पाय सुजायचे?

“माझा मुलगा?” आई म्हणाली. “ड्युरियनच्या दोन-दोन करंड्या खांद्यावर टाकायचा. डॉक्टरचं तोंड बघितलं नाही कधी.”

“दारू?”

“सणासुदीला. घोटभर.”

“घोटभरसुद्धा नाही,” मामा म्हणाला. “चीवर घेणार होता की तो.”

“आणि, हे मी सगळ्यांनाच विचारते हं, राग मानू नका… नशेच्या गोळ्या? याबा वगैरे?”

मामा मोठ्यानं हसला. त्या खोलीत ते हसणं फारच मोठं वाटलं. “ताई, ट्रक माझा आहे. माझ्या ट्रकवर नशेडी टिकत नाही.”

“लघवीची तपासणी स्वच्छच आली,” डॉक्टर म्हणाले.

“बघा!” आई म्हणाली.

“अपघात कसा झाला?”

“कुत्रं आडवं आलं,” मामानं सांगितलं. “भटकी कुत्री, दुसरं काय!”

नोइना तिथेच बसली होती, मामाच्या शेजारी. कुत्रं आडवं आलं होतं हे तिलाही आत्ताच कळलं.

लघवी स्वच्छ का आली, तेही तिला माहीत होतं. विहारात आता चीवर देण्याआधी लघवी तपासतात. गेल्या साली गल्लीतला एक पोरगा डोक्याचं मुंडण करून, पांढरे कपडे घालून, ढोलताशासकट मिरवत गेला आणि विहाराच्या दारातून परत आला. त्याची आई अजून बाजारात मान वर करत नाही. त्या धाकानं फूमनं महिनाभर गोळ्या सोडल्या होत्या. त्याआधी दोन हंगाम तो त्या गोळ्यांवरच ट्रक हाकत होता. लाल, बारीक, टिकलीएवढ्या. मामा त्या खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीतून द्यायचा. झोप आली तर एक, लगेच उलट्या पावली परतायचं असेल तर दोन. हंगामात फळ थांबत नाही, ड्रायव्हरनं कसं थांबावं?

गोळ्या सुटल्या, दम लागणं नाही सुटलं. फूम आडवा झोपेनासा झाला. भिंतीला उशी लावून बसून झोपायचा. संध्याकाळी त्याच्या पायावर नोइनानं बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. “पिठाचा गोळाच झालास की रे दादा,” ती हसली होती. तोही हसला आणि लगेच गंभीर झाला. “भोंग्या, हे माइकवर नाही हं. आत्ता दाखवलं तर डॉक्टर ठेवून घेतील आणि आई मांडव मोडेल. एकदा चीवर होऊ दे. मग दाखवतो.” तिनं शपथ घेतली. स्वतःच्या आवाजाची घेतली, दुसरं काही मोलाचं तिच्याकडे नव्हतं.

आणि कालचं. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना रबराची झाडं, माणूस नाही की काणूस नाही. फूम काहीतरी गुणगुणत होता. गुणगुणणं मध्येच तुटलं. नोइना त्याच्या पाठीला गाल टेकून बसली होती, आणि ती पाठ एकाएकी सैल पडली, भिजलेल्या पोत्यासारखी. गाडी कलली ती त्यानंतर.

हे सगळं तिच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. तेवढ्यात आईनं तिचा हात धरला. घट्ट. कालपासून आईनं तिला हातही लावला नव्हता, कारण मागे बसलेली ती वाचली आणि पुढे बसलेला तो नाही. नोइनानं जीभ आत घेतली.

“आभारी आहे,” डॉक्टर कित्ती उठत म्हणाले. “एवढ्या लवकर हो म्हणणारी घरं फार कमी असतात.”

आई कृतार्थ हसली. मुलगा मेल्याच्या दुसऱ्या दिवशी असं हसता येतं, हे नोइनानं पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी मामा तिला खाली कॅन्टीनमध्ये घेऊन गेला. तिच्यासमोर नूडल्सचं वाडगं ठेवलं, स्वतः थंडगार गोड चहा घेतला, त्यातला बर्फ चमच्यानं वाजवत बसला.

“खा. तोंड चालू ठेव, पण खायला.”

“मामा, कुत्रं कुठलं होतं?”

चमचा थांबला. “कुत्री काय नाव सांगून येतात?”

“मी मागे बसले होते.”

“तुला मार लागलाय डोक्याला.”

“कोपराला लागलाय.” ती वाकून हळू बोलली; तिला हळू बोलायची सवय नव्हती. “मामा, त्याचं हृदय आधीपासूनच बिघडलेलं असेल तर? ज्याला बसवतील त्याचं काय?”

“ते बघायला डॉक्टर आहेत. एवढी यंत्रं आहेत. तुला काय डॉक्टरकी दिलीय कुणी? माइक दिलाय, झेंडा वर चढवायला.” मग त्याचा आवाज गोड झाला, चहासारखाच. “हे बघ पोरी. तुझी आई आत्ता कशाला धरून उभी आहे? त्या एका गोष्टीला. ती तू काढून घेणार? आणि फूमचं नाव? उद्या विहारात लोक काय म्हणतील, नशेडी होता? मेलेल्याला शिव्या घालणार तू?”

“आणि डबी कुणाची होती ते?”

मामानं चहा संपवला, तोंड पुसलं. “तुझ्या शाळेच्या बसला माझाच ट्रक मागून येऊन थांबतो का रोज? नाही ना? मग ज्याचं काम त्याला करू दे.” याचा अर्थ काय ते नोइनाला कळलं नाही. मामालाही कळला नसावा. पण बोलताना संपलेल्या चहाचा पेला तो पुन्हा तोंडाला लावत होता, आणि ते तिला कळलं.

तिनं नूडल्स तशाच ठेवल्या.

ओराथाई जिन्याच्या पायरीवर बसून डब्यातला चिकट भात खात होती, हातानं, घाईघाईनं, खाणं हेही उरकायचं एक काम असल्यासारखं. नोइना तिच्याशेजारी बसली.

“ताई, एक विचारू?”

“विचार ना, बाळा.”

“ज्याला हृदय मिळणार आहे तो कोण आहे?”

“ते मी सांगू शकत नाही. मलाही पुरतं माहीत नसतं.”

“बरं. पण समजा, हृदय आतून खराब निघालं. कुणाला आधी कळलंच नाही. तर?”

ओराथाईचा घास हातातच राहिला. “तर ज्याला बसवलं तो टेबलावरून उठत नाही. त्याचं स्वतःचं, मोडकंतोडकं का असेना, ते तोवर काढून टाकलेलं असतं. परत लावता येत नाही.” तिनं चष्मा वर सरकवला आणि नोइनाकडे नीट पाहिलं. “तू का विचारतेयस?”

आणि मग भोंगा सुरू झाला. आधी डबी, मग भिंतीची उशी, मग पायाचा खळगा, विहारातली लघवीची तपासणी, आणि शेवटी पाठ. आधी पाठ, मग गाडी. हे तिनं दोनदा सांगितलं, कारण सांगताना तिला गालावर ती पाठ पुन्हा जाणवली. जिन्यावरून माणसं वर-खाली करत होती, कुणीतरी लहान मुलाला ओरडत होतं, आणि नोइना बोलत होती, स्पष्ट, सुटे सुटे शब्द. इतकं चांगलं ती झेंड्यासमोरही कधी बोलली नव्हती.

ओराथाईनं डबा झाकला. “बरं केलंस,” ती म्हणाली. एवढंच. आणि कॅनव्हासचे बूट वाजवत दोन-दोन पायऱ्या चढून गेली.

नोइनाला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. पुस्तकात तरी तसंच असतं.

काचेच्या दारामागे डॉक्टर कित्ती फोनवर होते. ऐकू येत नव्हतं, ओठ तेवढे दिसत होते: हो सर, हो सर, नाही सर, हो सर. मग ते बाहेर आले. आई उठून उभी राहिली, केसांवरून हात फिरवला, जसं कुणी बक्षीस द्यायला बोलावलंय.

“मावशी, मूत्रपिंडं घेऊ. डोळे घेऊ. यकृताचं बघतायत. हृदय मात्र…” ते थांबले. “बँकॉकनं नाही म्हटलं.”

“का? दुपारची ती तपासणी?”

“ती थोडी सुधारली होती,” डॉक्टर म्हणाले, आणि असं म्हणायला नको होतं हे त्यांना म्हटल्यावर कळलं.

“सुधारली होती तर नाही का?”

“कारण सुधारलं ते अपघाताचं. त्याच्याखाली आधीचं काही आहे की नाही, आहे तर किती, ते आता कळायला मार्ग नाही. एवढी लक्षणं कळल्यावर ते कुणी कुणाला बसवणार नाही. नक्की माहीत नसलेलं हृदय आम्ही घेत नाही. तुमच्या मुलीनं वेळेत सांगितलं ते फार…”

ओराथाईनं त्यांच्या बाहीला हात लावला. उशीर झाला होता.

आई वळली. नोइनाला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“तू सांगितलंस?”

“आई, त्याचे पाय सुजायचे. तो बसून झोपायचा. आणि गोळ्या मामा द्यायचा, डबीतून, मी स्वतः…”

“सगळेच मालक देतात!” मामा मध्येच ओरडला, मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. “हंगामात काय ड्रायव्हरला दूध पाजायचं? मी काय त्याच्या तोंडात कोंबल्या? बघ बुनरुअन, भाषणं करायची चटक लागलीय तुझ्या लेकीला. श्रोते मिळाले की झालं.”

आईनं भावाकडे पाहिलंही नाही. “मला दिसत नव्हते त्याचे पाय?” ती नोइनाला म्हणाली, अगदी शांतपणे. “मी आंधळी आहे? रोज रात्री तेल कोण चोळत होतं? भिंतीशी उशी कुणी ठेवली होती?”

 उशी. नोइनानं कधी विचारच केला नव्हता, उशी तिथे कोण ठेवतं.

“मग तू खोलीत का…”

“म्हणून तर म्हटलं, आधी हृदय घ्या. चांगलं असेल तोवर घ्या. देणाऱ्यानं हात पुढे केला की दान होतं. पुढे त्याचं काय होतं, ते घेणाऱ्याचं नशीब.”

“पण आई, तो मेला असता.”

“कोण?”

“ज्याला बसवलं असतं तो.”

“तो माझ्या पोटचा नव्हता,” आई म्हणाली. “माझ्या पोटचा आत पडलाय.” तिनं पर्स उचलली, काखेत धरली. “भावाचं चीवर फाडलंस तू. आता माझ्यासमोर बोलू नकोस.”

 आई निघून जाताना नोइनानं डॉक्टर कित्तींना विचारलंच, कारण आता आणखी काय व्हायचं राहिलं होतं: “मी नसतं सांगितलं तर तुम्ही घेतलं असतं?”

“हो.”

“आणि ते चांगलं निघालं असतं?”

“ते तेव्हा कळलं असतं,” ते म्हणाले. “माहीत नाही, बाळा. खरंच माहीत नाही.” आणि त्यांना आत कुणीतरी हाक मारली, मूत्रपिंडांसाठी.

विहारातल्या मोठ्या दालनात शवपेटी ठेवली. पेटीभोवती पांढरी फुलं, पुढे फूमचा मोठा केलेला फोटो, त्यात तो हसतोय आणि केस कपाळावर आलेत. दिवस मावळायच्या सुमारास भंते येऊन परित्राण पाठ म्हणायचे, आणि ते गेले की पाहुण्यांना माशाची पेज. मामा सगळ्यांचं स्वागत करत होता, खुर्च्या सरकवत होता, पंखे वळवत होता. असा मामा मिळायला भाग्य लागतं, असं बायका म्हणत होत्या. नोइना वाडगी भरून तबकातून फिरवत होती. आई तिच्याशी बोलत नव्हती. हाकही मारत नव्हती. जेवायला बस म्हणतही नव्हती, त्यामुळे नोइना रोज शेवटी, भांडी घासणाऱ्या बायकांबरोबर, उरलेलं खरवडून खात होती.

पण आई बोलत होती. इतरांशी, भरभरून.

पहिल्या संध्याकाळी हृदय नुसतंच बँकॉकला गेलं. दुसऱ्या संध्याकाळी ते हेलिकॉप्टरनं गेलं, शाळेच्या मैदानावर उतरून. तिसऱ्या संध्याकाळी ते एका शिक्षिकेला बसवलं गेलं. तिला दोन लहान मुलं होती, धाकटं अजून अंगावर पीत होतं. “शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं? छातीवर हात ठेवला,” आई सांगायची, आणि ऐकणाऱ्या बायका आपापल्या छातीवर हात ठेवायच्या.  ती शिक्षिका आता नोइनालाही दिसायला लागली होती, पिवळ्या ब्लाउजमधली, आणि मुलं सुद्धा. खरी कुणीतरी, बाई असेल, माणूस असेल, पोर असेल, अजून कुठल्यातरी पलंगावर फोनची वाट बघत पडलेली होती, किंवा नव्हती. तिच्याबद्दल कुणी काही सांगत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मासळीवाली, तीन मुलग्यांची, पेज फुंकत म्हणाली, “पण बुनरुअन, माझ्या भाचीची नणंद आहे ना हॉस्पिटलात, ती तर म्हणत होती की हृदय घेतलंच नाही. काही बिघाड होता म्हणे.”

चमचे थांबले.  मामा तिकडे पाण्याच्या बाटल्या मांडत होता, तो वाकलेला वाकलेलाच राहिला.

आईनं मान वर केली. डोळे कोरडे, लालभडक. “मी कशाला सांगू? नोइनाला विचार. ती होती तिथे.”

हॉस्पिटलानंतर आईच्या तोंडून तिचं नाव पहिल्यांदा निघालं होतं. सगळ्या बायका वळल्या. मासळीवालीनं वाडगं खाली ठेवलं, हात पुसले आणि पुढे झुकली. “सांग गं. तू काही खोटं बोलायची नाहीस.”

नोइनानं आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती. ती फूमच्या फोटोकडे बघत होती, आणि तिची बोटं मांडीवरच्या कापडाचं टोक गोळा करत होती, सोडत होती, पुन्हा गोळा करत होती.

“घेऊन गेले,” नोइना म्हणाली. “बर्फाच्या पेटीतून. निळी पेटी होती. मी दारापर्यंत बरोबर गेले.”

“साधु,” कुणीतरी म्हणालं. “साधु, साधु,” बाकीच्यांनी हात जोडले, मासळीवालीनंही.

मामा सरळ उभा राहिला. जवळून जाताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “शहाणी झालीस गं पोरी,” तो पुटपुटला.

आईनं तिच्या हातातून तबक काढून घेतलं. खुर्ची पुढे ओढली. वाडग्यात गरम पेज ओतली, वर माशाच्या पोटाकडचा मऊ तुकडा ठेवला, काटे काढून, जसा ती फूमला द्यायची.

“खा,” ती म्हणाली. “बारीक झालीस.”

बायका बघत होत्या. नोइनानं चमचा उचलला आणि वाडगं रिकामं होईपर्यंत खाल्लं.